कोरी पाटी नावाची दंतकथा : नागरी परवाना आणि सैनिकी पंख

#थ्रेड #इतिहास

१/
“हवाई दलात जायचे असेल तर आधी नागरी विमानाला हात लावू नका. एकदा लागलेल्या सवयी मोडता मोडत नाहीत. त्यांना कोरी पाटी हवी असते.”

हे विधान गेल्या वर्षभरात माझ्यासमोर इतक्या वेळा आले आहे की एखाद्या सुभाषितासारखे ते आता पाठ झाले आहे. ते करणाऱ्यांत काही जण स्वतः उडालेले आहेत. बहुतेक जण उडालेल्यांचे ऐकून बोलणारे. दुसऱ्या टोकाला जाहिराती आहेत : आमच्याकडे दोनशे तास भरा आणि लढाऊ वैमानिकांच्या रांगेत पुढे उभे राहा. इतिहास या दोघांनाही साथ देत नाही. तथापि आजचे भांडण मुख्यतः पहिल्याशी आहे, कारण ती समजूत अनुभवाचा वेष घेऊन येते.

२/
आरंभ करू या १९१२पासून. ह्यू ट्रेंचर्ड हे ब्रिटिश पायदळातील मेजर. वय ३९. बढती अडलेली, प्रकृती यथातथा. नव्याने स्थापन झालेल्या रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये शिरण्याची त्यांना इच्छा झाली. अपेव्हन येथील सेंट्रल फ्लाइंग स्कूलमध्ये प्रवेशाची वयोमर्यादा होती ४०. हातात काही महिनेच उरले होते.

आणि त्या काळचा नियम असा की लष्करी अधिकाऱ्याने आधी स्वतःच्या खर्चाने एखाद्या नागरी शाळेत उडायला शिकावे, रॉयल एरो क्लबचे प्रमाणपत्र मिळवावे आणि मगच सैनिकी शाळेचे दार ठोठवावे. फी होती ७५ पौंड. स्वीकार झाला तर ती परत मिळे.

३/
ट्रेंचर्ड ब्रुकलँड्सच्या मैदानावर टॉमी सॉपविथ यांच्या खासगी शाळेत गेले. प्रमाणपत्र मिळेपर्यंत त्यांनी हवेत घालवलेला एकूण वेळ किती होता? ६४ मिनिटे. जुलै १९१२च्या अखेरीस त्यांना रॉयल एरो क्लबचे २७० क्रमांकाचे प्रमाणपत्र मिळाले, आणि दार उघडले.

हेच ट्रेंचर्ड पुढे ‘रॉयल एअर फोर्सचे जनक’ म्हणून ओळखले गेले. ज्या परंपरेतून आपले भारतीय हवाई दल जन्माला आले, तिच्या मूळ पुरुषाची पाटी कोरी नव्हती. एका नागरी शाळेने तीवर ६४ मिनिटांच्या रेघोट्या ओढल्या होत्या.

४/
आता येथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ट्रेंचर्ड कधीही चांगले वैमानिक झाले नाहीत. त्यांच्या चाहत्यांनीही तसा दावा केलेला नाही. त्या ६४ मिनिटांनी त्यांच्या हाताला फारसे काही दिले नाही. मात्र त्याच ६४ मिनिटांनी त्यांना वेळेत आत नेले.

हात आणि दार हे दोन शब्द लक्षात ठेवा. “आधीचे नागरी प्रशिक्षण उपयोगी पडते का?” या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. हाताला काय मिळते, हा एक. दाराशी काय घडते, हा दुसरा. ‘कोरी पाटी’वाले फक्त पहिल्यावर बोलतात, आणि त्याचेही अर्धेच उत्तर देतात.

५/
प्रथम हाताचा विचार.

१९१७ साली रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर गॉस्पोर्ट येथे वैमानिकी शिकवण्याची पद्धतच बदलून टाकली. तोवर विद्यार्थ्याला धोकादायक स्थितीपासून दूर ठेवण्याकडे कल असे. विमान गरगरत खाली येऊ लागले, म्हणजे ‘स्पिन’मध्ये गेले, की काय करायचे हे त्याला कोणी नीट शिकवत नसे. स्मिथ-बॅरी यांनी उलट केले. दुहेरी नियंत्रणाच्या एव्ह्रो ५०४ विमानात शिष्याला बसवून मुद्दाम स्पिनमध्ये नेले आणि बाहेर काढायला लावले. गुरू-शिष्यांच्या कानांना जोडणारी बोलण्याची नळी त्याच शाळेच्या नावाने प्रसिद्ध झाली : गॉस्पोर्ट ट्यूब.

६/
ही हकिकत सांगण्याचे कारण असे की महायुद्ध संपल्यावर हेच शिक्षक, हीच पद्धत आणि बऱ्याच अंशी हीच शब्दावली नागरी फ्लाइंग क्लबांत गेली. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात डी हॅविलंड कंपनीचे मॉथ विमान आले आणि साम्राज्यभर क्लब उभे राहिले. पुढे टायगर मॉथ आले. ते क्लबच्या हौशी सभासदानेही चालवले आणि हवाई दलाच्या प्राथमिक शाळेतल्या कॅडेटनेही. विमान तेच, धडेही तेच. फरक होता तो मैदानाच्या फाटकावर कोणाची पाटी आहे एवढाच.

मग ‘नागरी सवय’ आणि ‘सैनिकी सवय’ या दोन वेगळ्या जाती आल्या कुठून?

७/
अधिक अडचणीची गोष्ट पुढे आहे. १९३५ नंतर ब्रिटनने हवाई दलाचा झपाट्याने विस्तार सुरू केला, तेव्हा प्राथमिक उड्डाणशिक्षणाचे काम सरळ कंत्राटाने नागरी कंपन्यांच्या शाळांकडे सोपवले. १९३९ साली अमेरिकेत जनरल हॅप अर्नोल्ड यांनी तेच केले : नऊ नागरी शाळांना प्राथमिक प्रशिक्षणाचे काम दिले. युद्ध अंगावर येत असताना या दोन्ही देशांनी आपल्या पाटीवरची पहिली अक्षरे नागरी शिक्षकाकडूनच गिरवून घेतली.

संस्थांची खरी मते त्यांच्या भाषणांत शोधू नयेत. घाईच्या वेळी त्या पैसा कुठे टाकतात ते पाहावे.

८/
आता “सवयी मोडाव्या लागतात” या युक्तिवादाकडे वळू. त्यात तथ्य आहे. तो पूर्ण खोटा असता तर इतका टिकला नसता.

छोट्या नागरी विमानाचा वैमानिक लांबून, सरळ रेषेत, सावकाश खाली येत धावपट्टी गाठतो. सैनिकी पद्धतीत विमान बहुधा धावपट्टीच्या डोक्यावरून वेगाने येते, तीव्र वळण घेते आणि वळता वळताच उतरणीला लागते. सेस्ना १७२ साधारणपणे ६५ नॉट वेगाने धावपट्टीकडे येते. जेट प्रशिक्षण विमानाचा तोच वेग दुपटीच्या आसपास असतो. विमानवाहू नौकेवर उतरताना तर नाक अलगद उचलून चाके हळुवार टेकवण्याची सवय उपयोगाचीच नसते. तेथे विमान ठरलेल्या उताराने येऊन जवळजवळ आदळावे लागते.

९/
हे सारे खरे. पण मग मला सांगा, सैनिकी शाळा स्वतः काय करते? आपल्या हवाई दलातील फ्लाइट कॅडेट आधी पिलाटस पीसी-७ या पंख्याच्या विमानावर शिकतो. पुढे लढाऊ शाखेत गेला तर हॉकवर, आणि त्यानंतर प्रत्यक्ष लढाऊ विमानावर. प्रत्येक पायरीवर आधीच्या पायरीवरची दृष्टी, वेगाचा अंदाज आणि हाताचा जोर बदलावा लागतो. सवय मोडणे हा त्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. ज्या शाळेत दर वर्षी एकदा पाटी पुसली जाते, तिने पहिल्या दिवशीच्या चार अक्षरांना घाबरावे, हे तर्काला धरून नाही.

१०/
आमच्याकडे गावात मुले पाठीला रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकत. त्यांतला एखादा पुढे नदीच्या पुरात उतरला तर विहिरीतले हातवारे त्याला पुरत नाहीत, हे खरेच. पण नाकातोंडात पाणी गेले तर जीव घाबरा करायचा नाही, एवढे तो विहिरीतच शिकलेला असतो. “याने विहिरीत पोहून हात बिघडवला” असे कोणी म्हणाल्याचे निदान माझ्या ऐकिवात नाही.

११/
नागरी तासांनी हाताला नेमके काय मिळते? पहिल्या काही आठवड्यांत नवख्याचे सारे लक्ष विमान सरळ ठेवण्यातच खर्च होते. उंची सांभाळावी तर दिशा सुटते. दिशा धरावी तर रेडिओवर आपल्याला कोणी हाक मारली ते ऐकूच येत नाही. ज्याला आधीचे तीस-चाळीस तास आहेत, त्याचे हात एवढे काम मनाला न विचारता करतात, आणि त्यामुळे त्याचे मन शिक्षकाचे ऐकायला मोकळे असते. क्षितिज खिडकीत कुठे दिसावे, इंजिनाचा आवाज कधी बदलला, हे त्याला कळते.

ही आघाडी खरी आहे. आणि ती सरते, हेही तितकेच खरे आहे. तांड्याने उडणे, म्हणजे दुसऱ्या विमानाच्या पंखाशी पंख लावून त्याच्या हालचालीनुसार हलणे, हे क्लब सहसा शिकवत नाहीत. तेथे सगळेच पुन्हा नवखे होतात.

१२/
याचे मला माहीत असलेले सर्वोत्तम उदाहरण अंतराळात जाऊन पोहोचते.

युरी गागारिन सारातोव्हमध्ये तंत्रशाळेत शिकत असताना तेथील एरोक्लबात जाऊ लागले. १९५५ साली याक-१८ विमान त्यांनी एकट्याने उडवले. त्याच वर्षी ओरेनबुर्गच्या सैनिकी वैमानिक शाळेत त्यांना प्रवेश मिळाला. तेथील आरंभीचे विमानही याक-१८च होते; म्हणजे ओळखीचे. तेथवर ठीक चालले. १९५६मध्ये मिग-१५ वर गेल्यावर मात्र विमान उतरवताना त्यांची दोनदा फजिती झाली आणि शाळेतून काढले जाण्याची वेळ आली.

१३/
रेजिमेंटच्या प्रमुखाने आणखी एक संधी दिली. शिक्षकाने गागारिन यांना बसायला एक उशी दिली. उंची कमी असल्यामुळे त्यांना कॉकपिटमधून बाहेरचे पुरेसे दिसत नव्हते, एवढीच अडचण होती. उशीवर बसून त्यांनी विमान नीट उतरवले. पाच वर्षांनी, १२ एप्रिल १९६१ रोजी, ते पृथ्वीभोवती फिरून आले.

क्लबातील तासांनी त्यांना मिग उतरवायला मदत केली का? नाही. क्लबातील सवयींनी ते बिघडले होते का? तेही नाही. कोणी एका शहाण्या शिक्षकाऐवजी ‘कोरी पाटी’चा भक्त तेथे असता, तर “क्लबाने बिघडवलेला पोरगा” असा शेरा मारून त्याने फाईल बंद केली असती. उशीपर्यंत कोणी पोहोचलेच नसते.

१४/
सोव्हिएत क्लबांचेच आणखी एक नाव : इव्हान कोझेदुब. शोस्तका या गावातील रसायनतंत्राच्या शाळेचा विद्यार्थी. क्लबात उडायला शिकले, १९४० साली चुगुएव्हच्या सैनिकी शाळेत गेले, आणि तेथे इतके उत्तम ठरले की शाळेने त्यांना शिक्षक म्हणूनच ठेवून घेतले. आघाडीवर जायला १९४३ उजाडले. युद्धाअखेर त्यांच्या नावावर ६२ विमाने पाडल्याची नोंद होती. दोस्त राष्ट्रांच्या कोणाही वैमानिकाहून अधिक.

जर्मनीचे उदाहरण मी एका वाक्यात संपवतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे : व्हर्सायच्या तहाने हवाई दलावर बंदी आणली तेव्हा त्या देशाने एक पिढी ग्लायडर क्लबांत आणि नागरी विमानचालकांच्या शाळांत वाढवली, आणि अ‍ॅडॉल्फ गॅलंडसारखे वैमानिक त्याच वाटेने आले.

१५/
येथे विरोधक म्हणतील, “तुम्ही यशस्वी झालेल्यांची नावे वेचून आणलीत.” आक्षेप योग्य आहे. मार्शल अर्जन सिंग महाविद्यालयात शिकत असतानाच निवडले जाऊन क्रॅनवेलला गेले होते. एकट्या त्यांच्या नावाने माझी यादी कोणीही उडवून लावू शकेल. नावे मोजून हा वाद सुटणार नाही, कारण हाताची आघाडी मुळात तात्पुरती आहे.

म्हणून आता दाराकडे येतो. माझ्या मते खरा इतिहास तेथे आहे.

१६/
१९२५ साली अमेरिकी लष्कराच्या वॉर कॉलेजने कृष्णवर्णीय सैनिकांविषयी एक अहवाल तयार केला. त्यातील निष्कर्ष वंशद्वेषाने बरबटलेले होते. लष्कराच्या विमानदलात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. बेंजामिन डेव्हिस धाकटे यांनी १९३६ साली वेस्ट पॉइंटची पदवी घेतली आणि विमानदल मागितले, तेव्हा त्यांनाही नकार मिळाला.

मग एक नागरी फट सापडली. १९३८च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी महाविद्यालयीन तरुणांना सरकारी खर्चाने उडायला शिकवण्याची योजना जाहीर केली : सिव्हिलियन पायलट ट्रेनिंग प्रोग्रॅम. १९४४पर्यंत या योजनेत सुमारे ४,३५,००० लोक शिकले. आणि तिच्या कायद्यात वर्णावरून कोणाला वगळता येणार नाही, असे कलम होते.

१७/
त्या कलमाच्या बळावर १९३९मध्ये अलाबामातील टस्कीगी इन्स्टिट्यूट योजनेत आले. तेथील मुख्य शिक्षक अल्फ्रेड ‘चीफ’ अँडरसन यांच्या मागे मार्च १९४१मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट विमानात बसल्या, आणि ते छायाचित्र देशभर गेले. त्याच महिन्यात ९९वी पर्स्यूट स्क्वाड्रन स्थापन झाली. जुलैत पहिल्या वर्गाचे १३ जण दाखल झाले; मार्च १९४२मध्ये त्यांतील पाच जणांना पंख मिळाले. डेव्हिस त्यांत होते.

सुरुवातीच्या तुकड्यांतील अनेक जण नागरी योजनेत शिकून आलेले होते. डेव्हिस स्वतः नव्हते, हे नोंदवतो. पण टस्कीगीत विमानतळ, शिक्षक आणि “हे लोक उडू शकतात” हा न खोडता येणारा पुरावा नागरी योजनेने आधी उभा केला नसता, तर डेव्हिस यांच्यासाठी सैनिकी वर्ग भरवला गेला असता का? मला वाटत नाही.

१८/
स्त्रियांची कथा याहून बोचरी आहे.

युद्धकाळात अमेरिकी लष्कर शून्य तासांचा तरुण उचलून त्याला वैमानिक बनवत होते. जॅकलिन कॉक्रन यांच्या महिला प्रशिक्षण योजनेत मात्र आरंभी अट होती २०० तासांच्या नागरी अनुभवाची. नॅन्सी लव्ह यांच्या पथकासाठी तर ५०० तास. कॉक्रन यांच्या योजनेत ही अट पुढे ३५ तासांवर आली. रद्द झाली नाही. २५,००० स्त्रियांनी अर्ज केले, १,८३० घेतल्या गेल्या, १,०७४ उत्तीर्ण झाल्या. विमाने पोहोचवताना आणि सरावात ३८ जणींनी प्राण गमावले. त्यांना माजी सैनिक म्हणून मान्यता मिळायला १९७७ साल उजाडले.

एकच लष्कर, एकच काळ. पुरुषाची पाटी कोरी चालते. स्त्रीने मात्र भरलेली वही आणायची. ‘कोरी पाटी’ हा शिक्षणशास्त्राचा सिद्धान्त असता, तर ही अट उलटी असायला हवी होती.

१९/
आणि रशियात? ऑक्टोबर १९४१मध्ये जर्मन सैन्य मॉस्कोच्या रोखाने येत असताना मरीना रस्कोवा यांना स्त्रियांच्या तीन विमान रेजिमेंट उभ्या करण्याचा आदेश मिळाला. पुढच्या वर्षीच्या मे-जूनपर्यंत ५८८वी रात्र-बॉम्बर रेजिमेंट आघाडीवर होती. सात-आठ महिन्यांत हे जमले, कारण त्यांच्यातील कित्येक जणी एरोक्लबांतून आधीच उडत होत्या. लिडिया लितव्याक तर क्लबात शिक्षिका होत्या. ५८८व्या रेजिमेंटने रात्रीच्या अंधारात वापरलेले लाकूड-कापडाचे पो-२ हे विमानही मूळचे क्लबांत धडे देण्याचेच विमान होते.

२०/
आता आपल्या घरी येऊ.

पहिल्या महायुद्धात मुंबईचे श्रीकृष्ण वेलिंकर केंब्रिजमध्ये शिकत होते. इंग्लंडातच एका नागरी उड्डाणशाळेत ते शिकले. तरीही अधिकारी म्हणून घेण्याऐवजी त्यांना मेकॅनिक होण्याचा सल्ला देण्यात आला. परवाना होता, चामडीचा रंग आड आला. अखेर दार किलकिले झाले. २३व्या स्क्वाड्रनमध्ये सॉपविथ डॉल्फिन विमान उडवत असताना जून १९१८मध्ये ते पडले आणि जखमांनी मरण पावले. परवान्याने दार नेहमी उघडते असे मी म्हणत नाही, ते वेलिंकरांमुळेच.

२१/
१० फेब्रुवारी १९२९. मुंबई फ्लाइंग क्लबातून जे. आर. डी. टाटा यांना भारतात दिलेला पहिला परवाना मिळाला. पहिले भारतीय कॅडेट क्रॅनवेलला गेले ते १९३० साली. भारतीय माणूस विमान सुरक्षित चालवू शकतो, हे आधी क्लबाच्या वहीत लिहिले गेले.

१९३०च्या आगाखान स्पर्धेत जे. आर. डी. यांना मागे टाकणारे अ‍ॅस्पी इंजिनियर तेव्हा १७ वर्षांचे होते. परवाना नागरी, विमान नागरी. पुढच्या वर्षी ते क्रॅनवेलला गेले आणि तेथे सर्वोत्तम वैमानिकासाठीचे ग्रोव्ह्ज पारितोषिक मिळवले. १९६० साली ते भारताचे हवाई दलप्रमुख झाले. १९७१च्या युद्धातील हवाई दलप्रमुख प्रताप चंद्र लाल हेही तरुणपणी दिल्ली फ्लाइंग क्लबात उडायला शिकलेले. आपल्या दोन हवाई दलप्रमुखांची पाटी कोरी नव्हती, हे रील बनवणाऱ्यांना कोणी तरी कळवावे.

२२/
१९४० साली नागरी परवाना असलेल्या भारतीय तरुणांतून २४ जण निवडून ब्रिटनला पाठवले गेले. दिल्ली क्लबात शिकलेले, पुढे पगडी बांधून हरिकेन उडवणारे मोहिंदर सिंग पुजी त्यांत होते. इंग्लंडहून भारतात एकट्याने विमान आणून नाव मिळवलेले मनमोहन सिंग यांनीही याच काळात गणवेश चढवला. मार्च १९४२मध्ये ऑस्ट्रेलियातील ब्रूम येथील जपानी हल्ल्यात ते मारले गेले. इकडे मुंबई, मद्रास, कराची, कलकत्ता येथील किनारी रक्षणाच्या तुकड्या हौशी आणि नागरी वैमानिकांवर उभ्या होत्या.

मात्र त्या २४ जणांना ब्रिटनमध्ये पुन्हा प्रशिक्षण घ्यावे लागले, आणि ते सगळेच पार पडले नाहीत. परवान्याने त्यांना बोटीत बसवले. पंख ज्याचे त्याने मिळवायचे होते.

२३/
आता एक अप्रिय मुद्दा, आणि तो माझ्याच बाजूच्या लोकांसाठी. टाटा कोण होते हे सांगायला नको. १९३०च्या दशकात क्लबाचे सभासद होणे म्हणजे घरात पैसा किंवा सरकारात ओळख असणे. ज्या दारातून इंजिनियर आणि लाल आत आले, त्या दारापर्यंत पोहोचायलाच मोठे तिकीट होते. त्याच वर्षांत अमेरिका आणि रशिया हे तिकीट सरकारी तिजोरीतून काढत होते. म्हणून तर टस्कीगीतील गरीब विद्यार्थी आणि शोस्तकाचा शेतकऱ्याचा मुलगा विमानात बसू शकले.

अमेरिकी हवाई दल आजही उमेदवाराच्या निवडगुणांत नागरी तास मोजते. पूर्वी २०० तासांच्या पुढपर्यंत गुण वाढत. २०२०मध्ये ही कमाल मर्यादा ६० तासांवर आणली. साठ तासांपुढचे तास कौशल्यापेक्षा बापाची ऐपत अधिक सांगतात, असाच त्याचा अर्थ मी लावतो.

२४/
“मग आमच्याकडे काय?” हा प्रश्न येणारच, म्हणून सांगतो. एएफकॅटमधून उड्डाणशाखेसाठी वयोमर्यादा २० ते २४ वर्षे आहे. डीजीसीएचा वैध व्यावसायिक परवाना असेल तर ती २६पर्यंत शिथिल होते. नागरी परवान्याने वैमानिक बिघडतो अशी हवाई दलाची समजूत असती, तर त्याने परवानाधारकांसाठी दोन वर्षे दार उघडे ठेवले असते का? ट्रेंचर्ड यांची चाळिशी आठवा.

त्याचबरोबर : वैमानिकी कल चाचणीत एकदा अपयश आले की उड्डाणशाखेसाठी ती पुन्हा देता येत नाही, मग तुमच्या वहीत कितीही तास असोत.

२५/
गेल्या आठवड्यात एका वाचकाने लिहिले : “वडील जमीन विकून सीपीएल करायला तयार आहेत, म्हणजे हवाई दलात सोपे जाईल. करू का?” नको. त्या कारणासाठी मुळीच नको. नागरी वैमानिक व्हायचे असेल तर तो स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याचा हिशेब स्वतंत्र करा. हवाई दलासाठी पहिल्या काही आठवड्यांची आघाडी हवी असेल, तर महाविद्यालयात एनसीसीची हवाई शाखा आहे का ते पाहा. तेथे मायक्रोलाइटवर बसण्याची संधी मिळते आणि त्यासाठी जमीन विकावी लागत नाही. अशी विमाने आणि अशा शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत का नाहीत, हा प्रश्न मात्र आपल्या लोकप्रतिनिधींना अवश्य विचारा. रूझवेल्ट यांनी १९३८मध्ये त्याचे उत्तर दिले होते.

आणि ज्याने आधीच नागरी परवाना घेतला आहे त्याने तो लपवू नये, मिरवूही नये.

२६/
वेलिंकरांविषयी अनेकांनी विचारले आहे. त्यांच्यावर, आणि त्याच युद्धातील हरदित सिंग मलिक व इंद्रलाल रॉय यांच्यावर स्वतंत्र थ्रेड पुढच्या रविवारी.